आखाडातले गुलाब: चौथ्या मजल्यावरच्या पार्टीच्या प्रकल्प नोंदी

६ जुलै २०२४, शनिवार. बोलोन्या, इटली

ठरलं. १८ तारखेला बायकोचा प्रबंध, म्हणजे बोलोन्या विद्यापीठातली लाउरेआ ही पदवी, आणि २० तारखेला संध्याकाळी घरी २२ माणसं. आपेरितीव्हो म्हणजे जेवणाआधीचं पेय आणि त्यासोबतचं चटकमटक. आमच्या मित्रमंडळात तेच जेवण होऊन बसतं. खाण्याचं खातं माझ्याकडे आलं आहे. तिने घातलेली अट एकच: गॅस पेटवायचा नाही, ओव्हन तर नाहीच. घर चौथ्या मजल्यावर, थेट छताखाली. जुलैत इथे ओव्हन लावला तर पाहुणे जिन्यातूनच परत जातील.

म्हणजे मुरवलेलं मांस. प्रोश्युत्तो (डुकराची मुरवलेली मांडी), सलामी (कुटून सुकवलेलं डुकराचं मांस), मोर्तादेल्ला (डुकराचंच, पण शिजवलेलं), ब्रेसाओला (गोमांस). या शहरात ते मिळणं म्हणजे कोल्हापुरात मटण मिळण्यासारखं. पण नुसत्या चकत्या ताटात पसरून ठेवायच्या नाहीत. काहीतरी सजावट हवी, फुलं-बिलं. नोंदी ठेवतोय, कारण मी पॅकेजिंग यंत्रांच्या कारखान्यात काम करतो आणि चाचणी लिहून ठेवली नाही तर ती झालीच नाही, असं आमच्याकडे धरतात.

आईला फोनवर सांगितलं. तिचा पहिला प्रश्न: "अरे, कच्चंच?"

कच्चं नाही, मुरलेलं. लोणच्यासारखं, म्हणालो. गेल्या वर्षी पार्माजवळच्या लांगिरानोला प्रोश्युत्तो कसा करतात ते पाहिलेलं, ते सगळं तिला सांगितलं. डुकराची मागची मांडी, तिला फक्त समुद्राचं मीठ. नायट्राइट वगैरे मांस टिकवणारं रसायन काही चालत नाही. मीठ चोळणारा माणूस वेगळा, त्याचं तेवढंच काम. जवळपास तीन आठवडे थंड खोलीत मीठ पित राहायचं, मग विश्रांती, मग धुणं, मग समोरासमोर खिडक्या असलेल्या दालनांत टांगून वारा खाणं. उघड्या मांसावर चरबी, मीठ, मिरी आणि तांदळाचं पीठ यांचा लेप देतात, नाहीतर बाहेरून टणक होऊन आत ओलं राहील. किमान १४ महिने. शेवटी घोड्याच्या हाडाची बारीक सुई पाच ठिकाणी खुपसून नाकाशी धरतात. ते हाड सच्छिद्र असतं, वास लगेच पकडतं आणि लगेच सोडतं. पास झाली तर पाच टोकांच्या मुकुटाचा डाग.

आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सुके बोंबील पण मिठावाऱ्याचेच. पण आपण ते भाजून खातो की नाही?"

यावर उत्तर सुचलं नाही. तिनेच पुढे आठवण करून दिली की आजपासून आषाढ लागला. म्हणजे हा आपला आखाडच म्हणायचा. श्रावण ५ ऑगस्टला. मुहूर्त बरोबर आहे.

७ जुलै, रविवार

पहिली चाचणी. पूर्ण फसली.

सुपरमार्केटमधून प्रोश्युत्तोचं १०० ग्रॅमचं पाकीट आणलं. ग्लासच्या काठावर चकत्या दुमडून, एकावर एक चढवत जायचं आणि मग ग्लास उलटा करायचा की गुलाब, अशी युक्ती सगळीकडे दिसते. काठावर चकती ठेवली तर ती घसरून आत पडली. दुसरी फाटली. तिसरीची चरबी बोटाला चिकटून आली. शेवटी ग्लास उलटा केल्यावर जे पडलं ते पाहून बायको म्हणाली, "हे धुणं कुणी पिळून ठेवलं?"

पाकिटातल्या चकत्या एकमेकींना का चिकटतात ते मला माहीत आहे, पोटापाण्याचाच विषय आहे तो. मधला कागद काढला की काही पैसे वाचतात, रास दाबून भरली की पाकीट लहान होतं, आणि आत नायट्रोजन भरला तरी तो चकत्यांच्या मध्ये शिरत नाही. कारण माहीत असून तेच पाकीट उचललं, हे नोंदवून ठेवतो.

फाटलेल्या चकत्या पावाबरोबर खाल्ल्या. चवीला काहीही कमी नव्हतं.

१० जुलै, बुधवार

ऑफिसमधून थेट क्वाद्रिलातेरो. पिआत्सा माज्जोरे या मुख्य चौकाला लागून असलेल्या या जुन्या बाजाराच्या गल्ल्यांत मांड्या छताला टांगलेल्या असतात आणि मोर्तादेल्ला दिव्याच्या खांबाएवढा जाड. ज्या सलुमेरियात, म्हणजे मुरवलेल्या मांसाच्या दुकानात, मी नेहमी जातो तिथल्या काकांना (मनातल्या मनात मी त्यांना काकाच म्हणतो) सांगितलं की मला गुलाब करायचे आहेत.

"कशाचे?"

"प्रोश्युत्तोचे."

त्यांनी सुरी खाली ठेवली. इथे माणूस खरोखर वैतागला की आवाज चढवत नाही, सुरी खाली ठेवतो. मग त्यांनी यंत्रावर एक चकती काढली, दोन बोटांत वरच्या काठाला धरली, कागदावर हातभर उंचीवरून सोडली. ती स्वतःच दुमडली, मध्ये हवा राहिली, बाजूची पांढरी चरबी लाटेसारखी उभी राहिली. म्हणाले, याला एवढंच. याहून जास्त हात लावलास तर तुझ्या हाताची ऊब खाशील.

पुढची वीस मिनिटं गिऱ्हाईक नसल्यामुळे माझी शिकवणी झाली. जे कळलं ते माझ्या भाषेत:

प्रोश्युत्तोत दोन-तीन वेगवेगळे स्नायू आणि मध्ये चरबीच्या रेषा असतात. चकती कागदासारखी पातळ काढली की ती या रेषांवरच फाटते. तिला ताण सोसत नाही. तिला फक्त पडू द्यायचं, पदरासारखं. सलामीचं उलट. सलामी कुटलेली, दाबलेली, सुकलेली. गोल चकती सगळीकडे सारखी, दुमडली तरी फाटत नाही. गुलाब तिचाच. त्यातही फेलिनोची सलामी नको, ती बारीक असते आणि तिरपी कापायची रीत आहे. गुलाबाला मिलानोची, आठ-नऊ सेंटिमीटर व्यासाची, जिच्यातली चरबी तांदळाच्या दाण्याएवढी बारीक असते. (ते खरंच "तांदळाचा दाणा" असंच म्हणतात. आमच्याकडे कणी म्हणाले असते.) मोर्तादेल्ला तर शिजवलेलाच असतो, तासन्‌तास कोरड्या गरम भट्टीत, म्हणून लवचीक आणि ओलसर, त्याला निऱ्या घालता येतात. आणि ब्रेसाओला म्हणजे गोमांस, आल्प्समधल्या वाल्तेल्लीना दरीतलं. त्यात चरबी जवळजवळ नाही, म्हणून ते वळतं पण चटकन वाळतं.

मोर्तादेल्लाबद्दल बोलताना काकांची मान ताठ झाली. १६६१ साली इथल्या कार्डिनलने फर्मान काढून मोर्तादेल्ला कसा करायचा ते बांधून दिलं होतं, हे त्यांनी आपल्या आजोबांनी काढल्यासारखं सांगितलं.

घरी आणलं: मिलानो एक एत्तो, मोर्तादेल्ला एक एत्तो. एत्तो म्हणजे १०० ग्रॅम. दुकानात ग्रॅममध्ये मागितलं की लगेच परका कळतो.

१३ जुलै, शनिवार

सलामीचा गुलाब जमला!

चकती १ मिलिमीटर. ग्लास लिमोनचेल्लोचा (लिंबाच्या गोड दारूचा), तोंड ५ सेंटिमीटर. चकती अर्धी आत, अर्धी बाहेर. पुढची चकती आधीचीवर अर्धी चढवून. पहिल्या फेरीत चार, दुसऱ्या फेरीत तीन, शेवटच्या दोन आत खोल, कळीसारख्या. एकूण नऊ. मोठा वाइनचा ग्लास घेतला तर चकत्या दुप्पट लागतात आणि गुलाब कोबीसारखा दिसतो.

उलटा केला. उभा राहिला. फोटो काढला. २५ मिनिटांनी पाहतो तर पाकळ्या उघडून आडव्या झालेल्या, वर तेलाचे थेंब. स्वयंपाकघरात ३१ अंश होतं. चरबी मऊ झाली की गुलाबाला कणाच राहत नाही.

उपाय: भरलेला ग्लास अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायचा, मग उलटा करायचा. चरबी गोठते आणि आकार धरून ठेवते. तसा केलेला गुलाब, खाली बर्फाचं ताट ठेवून, ५० मिनिटं टिकला. मग मीच खाल्ला.

१४ जुलै, रविवार. रंगीत तालीम

घड्याळ लावून सगळे प्रकार एकदम केले.

ग्रिसिनी, म्हणजे तोरिनोकडच्या त्या कुरकुरीत लांब काड्या, त्यांना प्रोश्युत्तोची पट्टी तिरपी गुंडाळली. दिसायला झकास. ५० मिनिटांनी काडी वाकली. मांसातला ओलावा ती पिऊन बसते. नियम: पहिली बेल वाजल्यावरच गुंडाळायचं.

खरबुजाचे गोळे आणि प्रोश्युत्तो, काडीला टोचून. २० मिनिटांत ताटलीत तळं. यात नवल काही नाही. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधी घातलं की आई ओरडते ते याचसाठी. प्रोश्युत्तो म्हणजे मीठच. गोळे आधी काढून चाळणीत निथळत ठेवायचे, प्रोश्युत्तो शेवटी.

मोर्तादेल्लाच्या निऱ्या: चकती अर्धी दुमडायची, मग साडीच्या निऱ्यांसारख्या चार घड्या, खाली काडी टोचायची, वरची कड भरडलेल्या पिस्त्यात बुडवायची. हा प्रकार इतका सोपा निघाला की संशय आला. तासभर तसाच उभा. चरबी असली तरी शिजवलेल्या मांसाने ती घट्ट धरून ठेवलेली असते, म्हणून घाम येत नाही. मोर्तादेल्लात पिस्ता असावा की नसावा यावर इथे घराघरांत दोन पक्ष आहेत. मी बाहेरून लावतो, म्हणजे कुणाचंच भांडण नको.

मोर्तादेल्लाचा फेस: २०० ग्रॅम तुकडा, १०० ग्रॅम रिकोत्ता (मऊ चीज), मूठभर किसलेलं पार्मेजान, चिमूट जायफळ, मिक्सरमधून. चांदणीच्या नळीने पावाच्या गोल चकत्यांवर उमलवला. मिक्सर सलग फिरवला तर गरम होऊन फेस ढिला पडतो. थांबत थांबत फिरवायचा, इडलीच्या पिठासारखा.

आता ब्रेसाओला. पाच चकत्या ओळीत, एकीवर एक सरकवून. लांबीत अर्ध्या दुमडून गुंडाळल्या की गडद लाल गुलाब. हा सगळ्यांत देखणा. मग मला काय सुचलं कुणास ठाऊक, वर लिंबू पिळलं. खालच्या मजल्यावरच्या सिन्योरा वर आल्या होत्या (आमचा आवाज फार होतो हे सांगायला, पण खुर्ची दिल्यावर बसल्या). दहा मिनिटांत गुलाब कडेने राखाडी होताना त्यांनीच दाखवला. आंबटाने मांसाचा रंग मारला जातो. लिंबू वेगळं ठेवायचं, ज्याचं त्याने पिळावं, म्हणाल्या. मग प्रोश्युत्तोची एक चकती उचलून तिची चरबी न काढता अख्खी तोंडात टाकली आणि माझ्याकडे पाहिलं. कारण मी माझ्या चकतीची चरबी बाजूला काढून ठेवली होती. ती मी परत उचलून खाल्ली.

आवाजाचा विषय राहून गेला. २० तारखेचं निमंत्रण दिलं.

१६ जुलै, मंगळवार

पाहुण्यांची यादी पुन्हा पाहिली आणि एक मोठी थाळी हा बेत रद्द केला. २२ जणांत दोघं शाकाहारी. बायकोच्या प्रयोगशाळेतला एक मित्र डुकराचं खात नाही, आणि ब्रेसाओला गोमांस असला तरी हलाल नाही, म्हणून त्यालाही तो नको. पुण्याचे तिघं बाकी सगळं खातील, गोमांस नाही. आणि एक मैत्रीण सहावा महिना असलेली: इथे टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या भीतीने डॉक्टर गरोदर बाईला प्रोश्युत्तो-सलामी बंद करतात. तिला चालेल तो मोर्तादेल्ला, कारण तो शिजवलेला.

म्हणजे एकाच थाळीत गुलाबाशेजारी गुलाब लावले की अर्ध्या लोकांना प्रत्येक घासाला विचारावं लागणार. चार वेगळी ताटं, चार चिमटे आणि पाट्या. सजावट अशी की लांबून ओळखू यावी: ब्रेसाओला गडद लाल गुंडाळीतच, मोर्तादेल्ला निऱ्यांतच, सलामी ग्लासच्या गुलाबातच. एका मांसाचा आकार दुसऱ्याला द्यायचा नाही.

शाकाहाऱ्यांना टोमॅटो-मोझरेला देणार होतो. मग आठवलं, पार्मेजानमध्ये वासराच्या जठरातलं विरजण असतं आणि मोझरेलातही बऱ्याचदा प्राण्याचंच. त्या दोघांतली एक हे पाहते. तिच्यासाठी खरबूज, ऑलिव्ह, टोमॅटो आणि पोह्यांचा चिवडा. चिवडा मागच्याच आठवड्यात केलेला आहे, तेव्हा गॅसची अट मोडत नाही.

लॅबमधल्या गोवेकर मैत्रिणीने विचारलं, आमची चोरिस यात बसेल का? नाही बसणार. ती व्हिनेगर-मिरचीत मुरवून सुकवलेली असली तरी शिजवूनच खायची असते. शिवाय युरोपबाहेरून सामानातून मांस आणायला बंदी आहे. तिलाही ते माहीत होतं. आठवण आली म्हणून विचारलं, एवढंच.

१७ जुलै, बुधवार

आषाढी एकादशी. आज चाचणी नाही. साबुदाण्याची खिचडी. पाट्या कापल्या, इटालियन आणि मराठी दोन्हींत लिहिल्या. बायको सादरीकरणाची शेवटची उजळणी करत होती, मी "डुक्कर", "डुक्कर", "गाय", "डुक्कर (शिजवलेलं)" असं एकादशीच्या दिवशी वळणदार अक्षरात काढत होतो.

१८ जुलै, गुरुवार

११० पैकी १०८. डोक्यावर पानांचा मुकुट, मित्रांचं ते ठरलेलं चावट गाणं, आणि १०८ म्हणजे जपमाळ पूर्ण झाली असं आईचं मत.

१९ जुलै, शुक्रवार

मुख्य ताटाची कल्पना त्या मुकुटावरून आली. लाउरेआ हा शब्दच लॉरेलच्या पानांवरून. ४० सेंटिमीटरच्या गोल ताटात कडेने पानांचं कडं, त्यावर सलामीचे सहा गुलाब, मध्ये लाल साखरेचे बदाम. लाउरेआला ते लालच वाटतात.

पानं सिन्योरांच्या अंगणातल्या कुंपणाची. रस्त्यावरून तोडणार होतो, त्यांनी अडवलं ते बरं झालं. इथे रस्तोरस्ती कण्हेर आहे आणि तिचं पान अंधुक उजेडात लॉरेलसारखंच लांबट दिसतं. कण्हेर विषारी. लॉरेलचं पान चुरगळलं की मसाल्याचा वास येतो. प्रत्येक पान चुरगळून नाही, पण प्रत्येक फांदीचं एक पान चुरगळून पाहिलं. आपलं मसाल्यातलं तमालपत्र हे नव्हे. ते दालचिनीच्या प्रजातीतलं वेगळं झाड. त्याच्या पानावर तीन शिरा लांबीत धावतात, याच्यावर मधली एकच.

खरेदी: १९ मांसाहारी, माणशी सुमारे ७० ग्रॅम. मिलानो ४ एत्ती, मोर्तादेल्ला ४ (२ चकत्या, २ अखंड तुकडा), प्रोश्युत्तो साडेतीन, ब्रेसाओला २. मांसाचे साधारण ३५ युरो. काकांनी प्रत्येक थरामध्ये कागद घातला आणि प्रोश्युत्तो उद्या दुपारी ने म्हणाले, आजचा उद्या नको. त्यामुळे तेवढा सोडून बाकी घेतलं.

रात्री ११ पर्यंत सहा ग्लास भरून फ्रिजमध्ये. वर झाकण म्हणून ओला फडका नाही, प्लॅस्टिकची पातळ फिल्म. ५८ चकत्या निघाल्या, ५४ लागल्या. उरलेल्या चारांचा हिशोब विचारू नये.

२० जुलै, शनिवार

१५:०० प्रोश्युत्तो आणला. छत्री उन्हासाठी उघडली. रस्त्याच्या कमानींखालून घरापर्यंत जवळजवळ सावलीतच येता येतं, फक्त शेवटचे दोनशे मीटर उन्हाचे.

१७:३० पानं धुऊन पुसून कडं मांडलं. मोर्तादेल्लाच्या निऱ्या ३०. फेसाचे पाव २४. ब्रेसाओलाचे गुलाब सात. बायकोने तीन उसवून पुन्हा केले.

१८:५० सलामीचे ग्लास उलटे. पाच उभे राहिले. सहावा ग्लासातून निघेना. बाहेरून कोमट फडका दोन सेकंद धरायचा होता, चार सेकंद झाले आणि गुलाबाची एक बाजू बसली. ती भिंतीकडे केली.

१९:१० पहिली बेल. सिन्योरा. हातात थंडगार खरबूज, आणखी एक. ग्रिसिनी गुंडाळायला बसलो तर त्या शेजारी बसून माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने गुंडाळू लागल्या. फक्त वरच्या दोन तृतीयांश भागाला, खाली धरायला कोरडी काडी. मला चार तालमींत हे सुचलं नव्हतं.

१९:४० मुकुटाचं ताट मधोमध ठेवलं. कुणीही हात लावेना. फोटो, फोटो. बर्फ वितळतोय हे मला एकट्यालाच दिसत होतं. शेवटी बायकोने स्वतः एका गुलाबाची पाकळी ओढली आणि मग पंधरा मिनिटांत पानं तेवढी उरली.

२०:१५ दुसरी खेप. निम्मा माल फ्रिजमध्येच राखून ठेवला होता, हा निर्णय योग्य ठरला. प्रोश्युत्तो कागदावरून थेट ताटात सोडला, पदर पडतो तसा. काही केलं नाही. तेच ताट सगळ्यांत आधी रिकामं झालं.

२०:४० पाट्यांवरून चर्चा. एका इटालियन मित्राला "डुक्कर" हा शब्द फार आवडला, तो संध्याकाळभर ग्लास उंचावून तेच म्हणत होता.

२१:३० चिवडा संपला. मांसाआधी चिवडा संपला, हे नोंदवायलाच हवं.

२१ जुलै, रविवार

शिल्लक: ब्रेसाओलाचे दोन गुलाब (कडा वाळलेल्या), फेस तीन चमचे, लाल बदाम वाटीभर. ताटात तासाभरापेक्षा जास्त राहिलेलं काल रात्रीच टाकून दिलं. जीव तुटला, पण ३१ अंशात राहिलेलं मांस सकाळी कुणाला देणार?

पुढच्या वेळी: सहा नाही, आठ गुलाब. ब्रेसाओला निम्मा. चिवडा दुप्पट.

आईला फोटो पाठवले. मुकुटाचा फोटो तिने मोठा करून पाहिला असावा, कारण विचारलं, "भिंतीकडचा तो एक बसलाय का?"

लिमोनचेल्लोचे ग्लास दोनदा घासले, तरी सलामीचा वास जात नाही. तिसऱ्यांदा बेसन लावून ठेवलेत.